बिनतारी दाराची कडी

वाचकहो, जयपूरच्या जुन्या शहरात जावयाचे झाले, तर कोणत्या ना कोणत्या दरवाजाखालून जावे लागते. चांदपोल, सूरजपोल, अजमेरी दरवाजा, सांगानेरी दरवाजा, घाट दरवाजा, अशी त्यांची नावे. सवाई जयसिंगांनी १७२७ साली हे शहर वसविले, विद्याधर भट्टाचार्यांनी त्याची आखणी केली आणि सरळ रस्त्यांच्या त्या देखण्या वस्तीभोवती तट घालून त्यात हे दरवाजे ठेवले. दिवसा ते सताड उघडे असत. व्यापारी यावेत, गाड्या याव्यात, यात्रेकरू यावेत, म्हणूनच तर ते बांधलेले. रात्री मात्र ते लावले जात. त्यावरून जयपूरला कोणी संशयखोर म्हटले नाही. या शहराचे आतिथ्य आजही सर्वतोमुखी आहे.

यजमानांच्या नोकरीच्या निमित्ताने मी वाईहून या शहरात आले, त्याला तीस वर्षे होऊन गेली. येथल्याच एका शाळेत मी गणित शिकविले आणि येथेच निवृत्त झाले. आमचे घर जुन्या शहराबाहेरच्या वसाहतीत आहे. पुढे लहानसा ओटा, त्याला लागून लोखंडी फाटक. फाटकाला दिवसा कडी नसते. परंतु आज मला तुम्हांला सांगावयाचे आहे ते दुसऱ्याच एका दाराविषयी. ते लाकडाचे नाही आणि लोखंडाचेही नाही. ते डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच ते उघडे आहे की लावलेले, हे पाहण्याचे माझ्या कधी मनात आले नाही.

हे दार म्हणजे आमच्या घरातील वाय-फाय. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात राउटर नावाची एक लहानशी पेटी आहे. बाहेरून आलेली इंटरनेटची तार तिच्यात शिरते आणि तेथून पुढे ती पेटी बिनतारी लहरींनी घरभर संदेश पोचविते. या लहरींना आपल्या घराच्या भिंती कोठे संपतात हे कळत नाही. त्या खिडकीतून बाहेर पडतात, गच्चीवर जातात, शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात आणि समोरच्या रस्त्यापर्यंतही पोचतात.

२०२० च्या मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या आणि मुलांचे वर्ग मोबाईलवर भरू लागले. आमच्या गल्लीत सर्वांकडे अशी जोडणी नव्हती. समोरच्या घरातील दोन मुले आमच्या कुंपणाच्या भिंतीला टेकून, उन्हात उभी राहून धडा ऐकत आहेत असे मी एके दिवशी पाहिले. आयुष्यभर शिक्षिका म्हणून जगलेल्या बाईला हे कसे पाहवावे? मी त्यांना ओट्यावर बसविले, सरबत दिले आणि वाय-फायचा पासवर्ड सांगितला. घराचे नाव आणि त्यापुढे एक, दोन, तीन. इतका सोपा, की मुले ऐकताच हसली. त्यांनी तो मावसभावाला सांगितला, त्याने मित्राला. पुढे दूधवाल्याच्या मुलालाही मीच सांगितला. मला त्यात पाणपोई घातल्याचा आनंद वाटत होता, हे कबूल करावयास हरकत नाही.

दोन वर्षांनी, २०२२ च्या हिवाळ्यात, सकाळी सकाळी दोन पोलीस फाटकाशी उभे राहिले. त्यांची वागणूक सभ्य होती. आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या, महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीला कोणी खोट्या नावाने अत्यंत गलिच्छ संदेश पाठवीत होते. तिच्या वडिलांनी तक्रार केली होती. संदेश कोणत्या जोडणीवरून निघाले याचा माग काढला, तेव्हा तो आमच्या घराशी येऊन थांबला. माझ्या यजमानांचे वय त्या वेळी सत्तर वर्षांचे होते. त्यांनी आपला मोबाईल पोलिसांच्या हातात ठेवला, तेव्हा त्यांचा हात कापत होता.

“माताजी, पासवर्ड कोणाकोणाला दिला आहे?” असे त्यांनी मला विचारले. मी बोटांवर मोजू लागले. सतरा नावे सांगून झाली आणि मग मी थांबले. कारण त्या सतरा जणांनी पुढे कोणाला सांगितला, हे मला कोठे ठाऊक होते? गणिताची शिक्षिका मी, आणि माझ्याच घरातील माणसांची बेरीज मला करता येत नव्हती.

शेवटी उलगडा झाला. जवळच खोली घेऊन राहणाऱ्या एका तरुणाचे ते कृत्य होते. मी त्याला कधी पाहिलेही नव्हते. पासवर्ड त्याच्यापर्यंत चौथ्या की पाचव्या तोंडून गेला होता. आमच्यावरचे किटाळ गेले, पण मला चैन पडेना. मी त्या मुलीच्या आईला भेटावयास गेले. ती म्हणाली, “आंटीजी, तुमच्या घराविषयी आमच्या मनात काही आले नाही. पण पोलीस तुमच्या दाराशी आलेले तिने पाहिले होते. खरे काय ते कळेपर्यंत ती लांबच्या रस्त्याने कॉलेजला जात होती. तुमच्या घरावरून जायचे टाळत होती.”

वाचकहो, ते वाक्य माझ्या मनातून अद्याप गेलेले नाही. अक्षरे त्या तरुणाची होती, पण ती बाहेर पडली माझ्या दारातून. इंटरनेट पुरविणाऱ्याच्या दप्तरात त्या तारखेला, त्या वेळेला जे नाव लिहिलेले होते, ते आमचे होते.

ही गोष्ट काही केवळ आमच्या गल्लीतली नव्हे. १३ मे २००८ या मंगळवारी सायंकाळी जयपूरच्या जुन्या शहरात, बाजारांत आणि हनुमान मंदिरापाशी एकामागून एक स्फोट झाले आणि साठांहून अधिक माणसे प्राणास मुकली. ती संध्याकाळ ज्यांनी येथे काढली, ते ती विसरणार नाहीत. त्या कृत्याची जबाबदारी घेणारे ई-पत्र पाठविले गेले ते गाझियाबादजवळील साहिबाबादच्या एका सायबर कॅफेतून. पुढे त्याच संघटनेच्या नावाने जी पत्रे आली, त्यांनी दुसरी वाट धरली. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले, त्या वेळचे पत्र नवी मुंबईत सानपाडा येथे राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाच्या वाय-फायवरून निघाले. त्याच्या घरी चौकशी झाली, संगणक तपासासाठी नेले गेले, आणि शेवटी तो निर्दोष असून त्याच्या जोडणीचा दुसऱ्याच कोणी गैरवापर केला, असे निष्पन्न झाले. ऑगस्टमधील पत्र माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या वाय-फायवरून गेले आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीतील स्फोटांच्या वेळचे पत्र चेंबूरच्या एका खासगी कार्यालयाच्या जोडणीवरून. २००९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना वाय-फाय सुरक्षित करण्याविषयी सूचना दिल्या, त्या या प्रकारांनंतरच. त्या वर्षी मी हे सारे वृत्तपत्रांत वाचले होते आणि ते मोठ्या शहरांतील, परक्या माणसांचे प्रकरण म्हणून बाजूला ठेवले होते.

पोलीस येऊन गेल्यावर मी पुण्याच्या मुलाला दूरध्वनी केला. तो म्हणाला, “आई, मी दिवाळीला आलो की करतो.” मी म्हटले, “अरे, दाराची कडी मोडली तर दिवाळीपर्यंत कोणी थांबते का? तू सांग, मी करते.” आणि मी ते केले. एका दुपारचे काम होते ते. ज्या गृहिणीला प्रेशर कुकरची झडप बदलता येते, तिला हेही येईल, असे मी अनुभवाने सांगते.

राउटरच्या बुडाशी एक चिठ्ठी चिकटविलेली असते. तीवर आकड्यांचा एक पत्ता असतो. संगणकावर किंवा मोबाईलवर, जेथे आपण एरवी संकेतस्थळाचे नाव लिहितो तेथे, हा पत्ता लिहिला की राउटरचे स्वतःचे पान उघडते. ते आपणांस नाव आणि पासवर्ड विचारते. येथे मला पहिला बोध झाला. या पेटीला दोन किल्ल्या असतात. एक घरात येण्याची, म्हणजे वाय-फायचा पासवर्ड. दुसरी, कुलूपच बदलण्याची. ही दुसरी किल्ली कारखान्यातून पुष्कळदा सर्वांना सारखीच दिलेली असते आणि ती कोणती, हे जगाला ठाऊक असते. आमची तशीच होती. जो आत आला त्याला वाटेल ते बदलता आले असते. म्हणून ती मी सर्वांत आधी बदलली.

त्याच पानावर, या क्षणी घराशी कोणकोणती यंत्रे जोडलेली आहेत, त्यांची यादी पाहावयास मिळते. आमच्या घरात दोन मोबाईल, एक संगणक आणि एक दूरचित्रवाणी संच. यादीत त्या दुपारी अकरा नावे होती.

नंतर सुरक्षेचा प्रकार निवडावयाचा. येथे चार-पाच अक्षरी नावांची रांग पाहून मन गोंधळते, परंतु तिच्यामागे साधा इतिहास आहे. १९९७ साली वाय-फायचे पहिले मानक आले, तेव्हाचे कुलूप डब्ल्यूईपी. २००१ साली तज्ज्ञांनी त्यातील मूळचा दोष दाखवून दिला आणि पुढे तर ते काही मिनिटांत उघडू लागले. त्याच्या जागी तात्पुरती सोय म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए आले आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए२. आजही बहुतेक घरांत हेच असते, आणि ‘एईएस’ हा पर्याय निवडून चांगला पासवर्ड ठेवला तर ते कामाचे आहे. ‘टीकेआयपी’ हा जुना पर्याय मात्र घेऊ नये. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आले. ते आपल्या राउटरात असेल तर अवश्य घ्यावे. घरातील एखादे जुने यंत्र त्याच्याशी जुळत नसेल, तर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा एकत्र पर्याय असतो, तो ठेवावा. ‘ओपन’ आणि ‘डब्ल्यूईपी’ या दोहोंकडे मात्र पाहूही नये.

डब्ल्यूपीए२ मध्ये एक उणीव आहे आणि ती समजून घेतली की पासवर्ड कसा असावा हे आपोआप कळते. तुमचा मोबाईल राउटरशी जोडला जात असताना दोघांमध्ये जी ओळखदेख होते, ती एखाद्याने बाहेरून टिपून घेतली, तर तो घरी जाऊन निवांतपणे अंदाज करीत बसू शकतो. तुमच्या दाराशी पुन्हा येण्याची त्याला गरज नाही. हा अंदाज माणूस करीत नाही, यंत्र करते. आज बाजारात मिळणारी शक्तिमान यंत्रे सेकंदाला दहा लाख पासवर्ड तपासून पाहतात. डब्ल्यूपीए३ ने नेमकी हीच वाट बंद केली; तेथे प्रत्येक अंदाजासाठी दाराशी येऊन विचारावे लागते.

आता थोडे गणित. पुष्कळ लोक जन्मतारखेचे आठ आकडे पासवर्ड म्हणून ठेवतात. परंतु शंभर वर्षांत दिवस असतात साडेछत्तीस हजार! यंत्राची पापणीही लवणार नाही. काही जण मोबाईलचा क्रमांक ठेवतात. आपल्या देशातील दहा आकडी क्रमांक सहा ते नऊ या आकड्यांनी सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. सेकंदाला दहा लाख या वेगाने तास-सव्वा तासाचे काम. आणि आमचा पासवर्ड तर घराचे नाव, जे फाटकावरच्या पाटीवर लिहिलेले होते!

मुलाने सांगितलेला उपाय मला शिक्षिका म्हणून फारच आवडला. मी कपाटातून जुना शब्दकोश काढला, डोळे मिटून पाने उघडली आणि पाच वेळा बोट ठेवले. जे पाच शब्द आले ते रोमन लिपीत, मध्ये रेघ देऊन, एकापुढे एक लिहिले. उदाहरणार्थ, उखळ, टांगा, जांभूळ, दौत, पागोटे. (हे पाच अर्थातच आमचे नव्हेत, आणि तुम्हीही हेच घेऊ नका.) समजा, कोशातले अगदी साधे असे दोन हजार शब्दच आपण धरले, तरी चार शब्दांच्या जुळण्या होतात १६ लाख कोटी, आणि त्या यंत्राला त्या संपविण्यास सुमारे सहा महिने लागतात. पाचवा शब्द जोडला की तेच काम एक हजार वर्षांचे होते. एका शब्दाने एवढा फरक! मात्र शब्द दैवाने निवडलेले हवेत. मनाने निवडावयास बसलो, तर आपण देवाचे, गावाचे किंवा नातवाचेच नाव घेतो, आणि तेच परक्यालाही प्रथम सुचते. वाय-फायचा पासवर्ड आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा चालतो, तेव्हा जागेची कंजुषी करण्याचे कारण नाही.

यानंतर डब्ल्यूपीएस नावाची एक सोय बंद केली. पासवर्ड न लिहिता आठ आकड्यांच्या क्रमांकाने यंत्र जोडता यावे म्हणून ती दिलेली असते. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, असे आपणांस वाटेल. परंतु राउटर ते आकडे चार-चारच्या दोन तुकड्यांत तपासतो, आणि शेवटचा आकडा तर आधीच्या सातांवरून ठरलेला असतो. म्हणून फार तर अकरा हजार प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्ये उघडकीस आले. पुढच्या दाराला भक्कम कुलूप लावून परसदार दोऱ्याने बांधावे, त्यातला हा प्रकार.

राउटरची आज्ञावली अद्ययावत करण्याचे एक बटण असते, तेही दाबले. २०१७ मध्ये बेल्जियममधील मॅथी वॅनहूफ या संशोधकाने डब्ल्यूपीए२ मधील एक दोष जगापुढे मांडला, तेव्हा पासवर्ड बदलून काही होणार नव्हते. यंत्रांतील आज्ञावली सुधारणे हाच त्यावर उपाय होता. घराबाहेरून, इंटरनेटवरून राउटर चालविण्याची सोयही मी बंद केली. वाय-फायच्या नावात आमचे आडनाव आणि घर क्रमांक होता, तो काढला. हे नाव लपविताही येते. परंतु त्याने कुलूप भक्कम होत नाही, कारण शोधणाऱ्याला ते सापडतेच.

दार असे बंद झाले. आता खरी कठीण गोष्ट पुढे होती. दुसऱ्या दिवशी समोरच्या वहिनी आल्या. मुलांचे इंटरनेट चालेना. मी घडले ते सांगितले. त्या ऐकून घेऊन हळूच म्हणाल्या, “म्हणजे आता आमच्यावर विश्वास राहिला नाही का?” पोलिसांच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न मला अधिक जड गेला.

मी पुन्हा मुलाला विचारले, आणि त्याने सांगितले की बहुतेक राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढण्याची सोय असते. त्याचे नाव वेगळे, पासवर्ड वेगळा. त्यावर येणाऱ्याला इंटरनेट मिळते, परंतु आपल्या संगणकातील कागदपत्रांपर्यंत तो पोचत नाही. ते ऐकताच मला वाईचा आमचा वाडा आठवला. येणाऱ्याजाणाऱ्याला ओसरी सदैव मोकळी असे. तेथे कोणीही बसावे, पाणी प्यावे, पान खावे. माजघरात घरची माणसे. ओसरीवर बसविले म्हणून कोणाचा अपमान झाल्याचे मी कधी ऐकले नाही. जयपूरच्या जुन्या हवेल्यांतही बाहेरचा चौक निराळा आणि आतला निराळा असतो.

मी आनंदाने म्हटले, “मग झाले तर! ओसरीचा पासवर्ड पुन्हा सर्वांना सांगते.” त्यावर मुलगा म्हणाला, “थांब, आई. ओसरीमुळे आपले माजघर सुरक्षित राहील. पण ओसरीवरून जे बाहेर जाईल, ते बाहेरच्या जगाला आपल्याच घरातून आलेले दिसेल. नाव तुझेच लागेल.”

म्हणजे यंत्राने अर्धेच काम केले होते. उरलेले अर्धे माणसाने करावयाचे होते. म्हणून मी एक नियम केला. पाहुण्यांच्या जाळ्याचा पासवर्ड दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलावयाचा. ज्याला हवा त्याने स्वतः यावे, ओट्यावर बसावे आणि आपल्या मोबाईलमध्ये माझ्यासमोर लिहून घ्यावा. पुढे कोणाला सांगावयाचा नाही. ज्याला हवा त्याला माझ्याकडे घेऊन यावे. रात्री अकरा वाजता ते जाळे आपोआप बंद होते. वहिनींना मी हे सांगितले आणि म्हटले, “विश्वास आहे म्हणूनच तर समोर बसवून देते आहे.” त्या हसल्या आणि चहाला थांबल्या.

आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आमच्या ओट्यावर मुलांची बैठक भरते. शब्दकोशात बोट ठेवण्याचा मान आळीपाळीने एकेकाला मिळतो. मराठी शब्द राजस्थानी मुलांच्या तोंडी असे काही वळण घेतात, की हसता हसता पुरेवाट होते. कोणाचा अभ्यास कसा चालला आहे, कोणाच्या घरी कोण आजारी आहे, हे मला त्या दिवशी कळते. पासवर्ड वाऱ्यावर सोडला होता, तेव्हा यातले काही कळत नव्हते. माझ्या दारातून शंभर वेळा आलेगेलेले तोंड मी एकदाही पाहिले नव्हते.

वाचकहो, आज रात्री निजण्यापूर्वी जशी तुम्ही दाराची कडी पाहाल, तशी एकदा त्या कोपऱ्यातील पेटीचीही पाहा. यादीत किती नावे आहेत ती मोजा, आणि ती सारी तुमच्या ओळखीची आहेत का, ते स्वतःला विचारा.

मागच्या गल्लीतील ती मुलगी आता पुन्हा आमच्याच रस्त्याने कॉलेजला जाते. मी ओट्यावर असले तर नमस्कार करते. परवाच्या पहिल्या तारखेला तिचा धाकटा भाऊ पासवर्ड घ्यावयास आला होता. बोट ठेवण्याची पाळी मी त्यालाच दिली.